वर्गात वेगळ्या नावानं हाक मारायची, तर घरच्यांची सही लागते का?

गुरुजी_आर्णीरोड | २ जुलै २०२५, रात्री ८.४०

विषय नाजूक आहे. आधीच विनंती करतो: गाव, शाळा, कुठल्याही लेकराचं नाव इथं लिहू नका.

खेड्यातली अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी. रजिस्टरला मुलगी म्हणून नोंद असलेलं आठवी-नववीतलं लेकरू वर्गशिक्षकाला एकटं गाठून म्हणतं, "सर, मी मुलगा आहे, हजेरीला ते नाव नका घेऊ." आणि लगेच म्हणतं, "घरी नका सांगू." अशा वेळी शाळेनं पालकांची संमती घेतल्याशिवाय काय करावं, काय करू नये? स्टाफरूममध्ये दोन मतं असतात. एक, सहीशिवाय पानही हलवायचं नाही. दुसरं, लेकरू म्हणतं तेच, घरच्यांचा संबंध नाही. मला दोन्ही अर्धवट वाटतात. कायद्यानं सही नेमकी कुठं लागते आणि कुठं लागत नाही, एवढं कोणी नीट सांगेल का?

---

बाबू_दप्तर | २ जुलै, रात्री ९.१५

गुरुजी, कागदाच्या बाजूनं सांगतो. जिथं रेकॉर्ड बदलतं तिथं पालक लागतातच. जनरल रजिस्टर, टीसी (शाळा सोडल्याचा दाखला), सरल आणि यू-डायस प्लस (विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदी), आधार, बोर्डाचा फॉर्म, या सगळ्यांत अठरा वर्षांखालच्या लेकराचा अर्ज पालकाच्याच सहीनं जातो.

माध्यमिक शाळा संहितेत २६.३ आणि २६.४ हे नियम आहेत. विद्यार्थी शाळेत शिकत असतानाच नोंद बदलता येते, आणि तीही शिक्षणाधिकाऱ्यांच्या लेखी मंजुरीनंतर. शाळा सोडल्यावर वाट फार अवघड होते. मंजुरी आली की जुन्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, जुनं अक्षर वाचता आलं पाहिजे. वर लाल शाईनं नवी नोंद, बाजूला आदेश क्रमांक, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही. व्हाइटनर लावलं किंवा अक्षरावर अक्षर गिरवलं की पुढं जात पडताळणीत अख्खी टीसी संशयात येते.

मुख्याध्यापकांनी दयेपोटी स्वतःच्या अधिकारात रजिस्टरात काही करू नये. त्रास लेकरालाच होतो.

---

काळाकोट_वर्धा | २ जुलै, रात्री १०.०२

बाबूभाऊंचं बरोबर आहे, त्याला कायद्याचा पाया जोडते.

सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे. त्यानंतर तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ आला. तो १० जानेवारी २०२० पासून लागू आहे आणि नियम २०२० चे आहेत. ओळखप्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की अल्पवयीन मुलाचा अर्ज आई-वडील किंवा पालकच करतील. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन होतो, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं; २०२० च्या नियमांत वैद्यकीय तपासणीची अट नव्हती.  मुदत ३० दिवसांची. प्रमाणपत्र हाती आल्यावर शाळा, बोर्ड वगैरे कार्यालयांनी आपल्या कागदावरचं नाव आणि लिंग १५ दिवसांत बदलून द्यायचं असतं.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. या प्रमाणपत्रावर "ट्रान्सजेंडर" अशीच नोंद होते. "पुरुष" किंवा "स्त्री" अशी नोंद कलम ७ प्रमाणे शस्त्रक्रियेनंतर होते, म्हणजे शाळकरी वयात तो प्रश्नच नाही. "आम्हाला रजिस्टरला मुलगा लिहून द्या" ही मागणी आज शाळेकडून पुरी होऊ शकत नाही. हे लेकराला सुरुवातीलाच सांगावं. खोटी आशा लावू नये.

आता दुसरी बाजू. कलम ३ आणि १३ प्रमाणे शासनमान्य शाळेनं भेदभाव करायचा नाही. त्याला कोणाची सही लागत नाही. चिडवणं थांबवणं, शाळेतून न काढणं, खेळात घेणं, मुतारीची सोय करणं ही शाळेची जबाबदारी आहे, पालकांनी होकार दिला तरी आणि नाही दिला तरी.

---

कास्तकार_दारव्हा | ३ जुलै, सकाळी ६.३०

म्या काही कायदा शिकलो नाई. पण एक इचारतो. लेकरू माह्यं. त्याले ताप आला तं शाळा मले फोन करते. फी राह्यली तं फोन करते. अन् एवढी मोठी गोष्ट हाय तं मास्तरले मालूम, गावातल्या पोट्ट्याइले मालूम, अन् बापाले नाई? हे काई बरोबर नाई वाटत बाप्पा. मारझोड करनारा बाप एखादा असते, सारे नसतेत.

---

समुपदेशक_मेळघाट | ३ जुलै, सकाळी ८.१०

दारव्हेकर दादा, तुमचा मुद्दा मनापासून मान्य. अशी गोष्ट बापाला गावाच्या तोंडून कळावी यासारखं वाईट नाही. म्हणून पहिलं पथ्य हे की वर्गशिक्षकानं ऐकलेलं वर्गशिक्षकाजवळच राहावं. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, पानठेल्यावर नाही, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत नाही. खेड्यात शिक्षकाचा चुलतसाळा त्या घरचा भाचजावई निघतो.

पण "आधी बापाला फोन" हेही चुकतं, आणि कशानं चुकतं ते सांगतो. लेकरू घरी सांगू नका म्हणतं तेव्हा त्यामागं काहीतरी असतं. कधी नुसती लाज, कधी "आजी जेवणार नाही" एवढीच धास्ती, कधी खरोखर मार. यातलं काय आहे हे विचारल्याशिवाय फोन लावणं म्हणजे विहिरीची खोली न बघता उडी मारणं. म्हणून आधी चार साधे प्रश्न विचारायचे: घरी कोणाला सांगावंसं वाटतं? कळलं तर काय होईल असं वाटतं? याआधी कोणी हात उचलला का? शाळा बंद करतील, लग्न लावतील असं कोणी बोललं का?

उत्तरात मारहाण किंवा लैंगिक छळ आला तर मग "कोणाला सांगणार नाही" हे वचन देताच येत नाही. लैंगिक छळ असेल तर पोक्सो (मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे लेकराला बोलणं सुरू होण्याआधीच सांगून ठेवायचं.

---

निळी_बस | ३ जुलै, सकाळी ९.२२

व्हॉट्सॲपवर फिरतंय की अमेरिकेत शाळा पालकांपासून लपवून मुलांचं लिंग बदलतात. तेच इथं आणायचं चाललंय का?

---

काळाकोट_वर्धा | ३ जुलै, सकाळी १०.४०

शाळा कोणाचं लिंग बदलत नाही, ना तिथं ना इथं. तिकडचा वाद माहितीचा आहे. कॅलिफोर्नियानं जुलै २०२४ मध्ये कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. मुलाची लिंगओळख मुलाच्या संमतीशिवाय घरी कळवण्याची सक्ती शाळा शिक्षकांवर करू शकत नाही, असा तो कायदा आहे. उलट कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतानं २०२३ मध्ये कायदा केला की सोळाखालच्या मुलाला शाळेत नवं नाव वापरायचं तर पालकांची संमती हवी. इंग्लंडनं डिसेंबर २०२३ मध्ये मसुदा काढला, त्याचा कलही पालकांना विचारण्याकडेच होता. एकाच प्रश्नाला ठिकठिकाणी वेगळी उत्तरं.

आपल्या २०१९ च्या कायद्यात शिक्षकानं पालकांना सांगावंच असं कलम नाही, सांगू नये असंही नाही. एनसीईआरटीनं २०२१ मध्ये शिक्षकांसाठी प्रशिक्षण साहित्य काढलं होतं, ते आक्षेपानंतर मागं घेतलं गेलं. म्हणून तारतम्य शाळेलाच ठेवावं लागतं. अमेरिकेचं भांडण आपल्या अंगणात आणायची गरज नाही, आपल्याकडं आपलंच पुरेसं आहे.

---

निळी_बस | ३ जुलै, सकाळी १०.५५

समजलं ताई. फॉरवर्ड डिलीट केला.

---

अधीक्षिका_धारणी | ३ जुलै, दुपारी २.०५

आश्रमशाळेचं वेगळं आहे, त्यावर कोणी बोललं नाही.

निवासी शाळेत लेकरू चोवीस तास आमच्याकडे असतं. आई-बाप कामाला परमुलखात, फोनला रेंज नाही. तरीही अधीक्षक किंवा अधीक्षिका कायद्यानं पालक होत नाहीत. आम्ही कलेक्टरकडे अर्ज करू शकत नाही, आधार बदलून आणू शकत नाही. आम्ही फक्त राहण्याची व्यवस्था बघू शकतो, आणि खरी अडचण तिथंच असते: झोपण्याचा हॉल आणि अंघोळ.

मुलींच्या वसतिगृहातल्या लेकराला मुलांच्या हॉलमध्ये पाठवायचं नाही. त्यानं धोका वाढतो. त्याला एकट्याला कोठीच्या खोलीत टाकणं तर शिक्षाच झाली. हॉलमध्ये भिंतीकडचा, अधीक्षिकेच्या खोलीजवळचा पलंग द्यावा. अंघोळीला सगळ्यांसाठीच दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या लावाव्या आणि न्हाणीघराला आतून कडी बसवावी. बहुतेक ठिकाणी दार असतं, कडी नसते. वीस-तीस रुपयांची कडी आणि चार स्क्रू.

सुटीत घरी जाताना गृहपाल पालकाची सही घेतात. त्या रांगेत, चार लोकांसमोर हा विषय काढू नका. बहुतेक वेळा नेमका तिथंच काढला जातो.

---

बाबू_दप्तर | ३ जुलै, दुपारी ३.३०

मॅडम कडीचं बोलल्या, मी संचमान्यतेचं (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्याचं) बोलतो. मुख्याध्यापक घाबरतात ते याच्यानंच.

यू-डायस प्लसमध्ये लिंगाला तीन पर्याय आहेत: मुलगा, मुलगी, ट्रान्सजेंडर. म्हणजे तिथं सोय आहे. पण आधार पडताळणी नाव, जन्मतारीख आणि लिंग या तिन्हींवर जुळवली जाते. उत्साहात कोणी आधी यू-डायसला पर्याय बदलला आणि आधार जुनंच राहिलं, की विद्यार्थी अनमॅच. अनमॅच विद्यार्थी संचमान्यतेच्या पटात धरला जात नाही, अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) अडकतो. पट काठावर असला तर एका शिक्षकाचं पद हलतं, आणि मग सगळा राग त्या लेकरावर निघतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, मग आधार, मग शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घेऊन जनरल रजिस्टर, मग सरल आणि यू-डायस, शेवटी बोर्ड. या कायद्याखालचं प्रमाणपत्र आधार केंद्रावर पुरावा म्हणून चालतं. पण आधारला लिंग एकदाच बदलता येतं, त्यामुळं तिथं घाई नको.

दहावीचे फॉर्म पहिल्या सत्रातच सुरू होतात. नोंद बदलायचीच असेल तर नववीत हात घाला. दहावीच्या दिवाळीत नाही.

---

सावित्रीची_लेक | ३ जुलै, सायंकाळी ५.४८

बाबूभाऊ, एक सुटलं. रजिस्टरला "मुलगी" आहे म्हणून मिळणाऱ्या गोष्टी: अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटीचा मोफत पास, मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवीपासून सायकल आणि बस, मागास प्रवर्गातल्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती. या सगळ्या "मुलगी" या नोंदीवर चालतात. बारा किलोमीटरवरून येणाऱ्या लेकराचा पास गेला तर शाळाच सुटते. नोंद बदलण्याआधी घरच्यांना आणि लेकराला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा, मग ठरवू द्या.

---

कास्तकार_दारव्हा | ३ जुलै, रात्री ८.१२

हे पासचं बरं सांगतलं ताई. हे कोनी सांगतच नाई.

बरं, समुपदेशक सर, मंग बापाले सांगाचं तं कसं सांगाचं? ते तं सांगा.

---

समुपदेशक_मेळघाट | ३ जुलै, रात्री ९.३५

दादा, हाच खरा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वेळ: पेरणीच्या, वेचणीच्या दिवसांत बोलावू नका. घाईत आलेला माणूस उभ्या उभ्या ऐकतो आणि बांधावर जाऊन रागावतो. बाजाराचा दिवसही नको, परत जाताना कोण कोण भेटेल सांगता येत नाही.

कोणाला: लेकरू ज्याचं नाव घेईल त्याला आधी. बहुतेक वेळा आई, कधी मोठी बहीण, कधी मामा. बहीण-मामांची सही चालत नाही, पण घरात पहिली बाजू घेणारं माणूस मिळतं. लेकराची तयारी नसेल तर थांबा. जीवाला धोका नसेल तर महिना-दोन महिन्यांनी काही बिघडत नाही.

कुठं: मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये लिपिक, शिपाई आणि सरपंचाचा माणूस बसलेला असताना नाही. शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात, खुर्च्या समोरासमोर नाही तर बाजूला मांडून. शाळेकडून दोघंच: वर्गशिक्षक आणि एक शिक्षिका.

शब्द: पहिल्याच वाक्यात "तृतीयपंथी" म्हटलं की आईच्या डोळ्यांपुढं रेल्वेच्या डब्यात टाळ्या वाजवणारं माणूस उभं राहतं, आणि पुढचं काही ऐकू येत नाही. लेकराचेच शब्द वापरा. "तुमचं लेकरू हुशार आहे, पण वर्गात कोमेजून बसतं. त्याला मुलीच्या नावानं हाक मारलेली सहन होत नाही. त्यानं विश्वासानं सांगितलं. आपण मिळून बघू." एवढं पुरे. रोग आहे, वेड आहे असं म्हणायचं नाही, कारण ते तसं नाही.

पुढं: या वयात काहींची ही ओळख पक्की राहते, काहींची बदलते. म्हणूनच घाईनं शिक्का मारू नये आणि घाईनं दाबूही नये. हे सांगितलं की आई-बापांचा श्वास जरा मोकळा होतो. शाळा कोणतंही औषध देत नाही, कोणताही कागद त्यांच्या सहीशिवाय बदलत नाही, हेही स्पष्ट सांगा. त्यांना बोलायला १४४१६ ही टेलिमानसची (सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेची) मोफत लाइन द्या, मराठीत बोलता येतं. नागपूर, यवतमाळ, अकोला इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. पण "पोराला सरळ करून द्या" म्हणून कुठंही नेऊ नये. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानं २०२२ मध्ये असले "उपचार" डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले आहेत. आणि अंगात आलं म्हणून महाराजाकडे नेऊन मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

---

काळाकोट_वर्धा | ३ जुलै, रात्री १०.२०

बोलणं फिसकटलं तर काय, तेही लिहून ठेवते.

शाळा बंद करून लग्न लावायची भाषा झाली तर ग्रामीण भागात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. त्यांना लेखी कळवा, पोच घ्या. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ चोवीस तास चालू असते. घरातून किंवा गावातून हाकललं, शारीरिक-मानसिक छळ केला, तर २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड आहे. त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं की ट्रान्सजेंडर आहे म्हणून लेकराला आई-बापांपासून तोडता येणार नाही, न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय. म्हणजे शाळेनं, संस्थेनं किंवा कोणा गुरूनंही परस्पर लेकरू उचलायचं नाही. धोका असेल तर बाल कल्याण समिती.

---

पीटी_मास्तर | ४ जुलै, सकाळी ७.५०

एक विचारू का? जन्मतःच शरीर वेगळं असलेलं लेकरू, त्याचाही हाच मार्ग?

---

समुपदेशक_मेळघाट | ४ जुलै, सकाळी ८.३०

नाही सर, ते वेगळं. त्याला आंतरलिंगी म्हणतात, तो शरीराचा विषय आहे. शाळा तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा रुग्णालयात पाठवतं. पालकांना एवढंच सांगा की जिवाला धोका नसताना "लवकर ऑपरेशन करून मोकळं व्हा" या सल्ल्याला भुलू नका. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर तमिळनाडूनं लहान बाळांवरच्या अशा शस्त्रक्रियांना बंदी घातली, ती याच कारणानं. यावर वेगळा धागा काढा, इथं मूळ विषय हरवेल.

---

विज्ञान_बाई | ४ जुलै, सकाळी ११.१५

मुतारीवर कोणीच नीट बोललं नाही, आणि लेकराचा रोजचा छळ तिथंच असतो. मुलींच्या बाजूला गेलं तर मुली बघतात, मुलांच्या बाजूला जाता येत नाही. मग लेकरू सकाळपासून पाणीच पीत नाही. आपल्याकडं मार्चमध्येच ऊन तापतं. चक्कर, लघवीची जळजळ, मग "पोटात दुखतं" म्हणून गैरहजेरी. हजेरीपत्रकावर आठवड्यातले तेच दोन दिवस कोरे दिसले, खेळाच्या तासाचे, तर बाटली तपासा. डबा खाल्ल्यावरही ती भरलेली असते.

बहुतेक शाळांत दिव्यांग मुलांसाठी बांधलेलं एक शौचालय असतं आणि त्यात खराटे, चुन्याच्या गोण्या आणि जुने बाक कोंबलेले असतात. ते रिकामं करा, नळ जोडा, कडी लावा, आणि ज्याला गरज त्याला खुलं ठेवा. कोणाच्या नावाची पाटी नको. गणवेशाचंही तसंच. शाळा व्यवस्थापन समितीत "सर्व विद्यार्थ्यांना सलवार किंवा पँट, दोन्ही चालेल" असा ठराव करा. सायकलवर येणाऱ्या सगळ्याच मुलींना सोयीचं, आणि कोणा एकाकडं बोट जात नाही. पालकांच्या संमतीचा प्रश्नही येत नाही, कारण नियम सगळ्यांचा आहे.

---

गुरुजी_आर्णीरोड | ४ जुलै, रात्री ९.०५

सगळ्यांचे आभार. बाईंचा ठरावाचा मार्ग मला सर्वांत पटला. कागदाला सही, सुरक्षिततेला सही नाही, आणि घरी सांगायचं ते लेकराला सोबत घेऊन, एवढं माझ्या डोक्यात बसलं.

फक्त माझा पहिलाच प्रश्न अर्धा राहिला: हजेरी. हजेरीपत्रकावर रजिस्टरचंच नाव राहणार. मग रोज सकाळी हाक कशी मारायची? घरी अजून माहीत नसताना वर्गात नवं नाव घेतलं तर संध्याकाळपर्यंत ते गावभर होईल.

---

बाबू_दप्तर | ४ जुलै, रात्री ९.२०

नंबरानं घ्या गुरुजी. अख्ख्या वर्गाची. "एक, हजर. दोन, हजर." पत्रकावर नाव तेच राहतं, तोंडात कोणाचंच येत नाही. तपासणीला केंद्रप्रमुख आले तरी हरकत घेणार नाहीत.

---

विज्ञान_बाई | ४ जुलै, रात्री ९.३१

आणि फळ्यापुढं बोलावताना आडनावानं. सगळ्यांनाच. फक्त एकालाच आडनाव आणि बाकीच्यांना नाव असं झालं की पोरं त्याच दिवशी ओळखतात. गुणपत्रक आणि हॉलतिकीट रजिस्टरच्याच नावानं निघेल, ते वाटताना नाव वाचून पुकारू नका. घडी घालून बाकावर ठेवा.

---

कास्तकार_दारव्हा | ४ जुलै, रात्री १०.०२

नंबरानं हाजरी आमच्या टायमालेबी होती. चालते.

गुरुजी, त्या घरच्या मायले बलावसान तवा निंदनाआधी बलावजा. तवा हात मोकळे असतेत. अन् बापाले लई दिवस बाहेर नका ठेवू. थो उशिरा समजला म्हनून जास्ती चिडते, गोष्टीनं नाई.

---

समुपदेशक_मेळघाट | ४ जुलै, रात्री १०.१८

दादांचं शेवटचं वाक्य लिहून घ्या गुरुजी. आईशी बोलणं झालं की त्याच बैठकीत तिला विचारा, "यांना कधी आणि कोण सांगेल?" तारीख तिच्याकडूनच घ्या.